आपदा मित्र योजना : ट्रेनिंग एक नंबर, पण गावाच्या बोटीसाठी पैसे मागायला जाऊ नका

ज्या पोरांचं आपदा मित्रला नाव द्यावं की नको असं चाललंय त्यांना आधीच सांगून टाकतो, संधी आली तर डोळे झाकून द्या. माझ्याकडून ट्रेनिंगला पाचपैकी साडेचार, किटला साडेतीन आणि त्यानंतर गावाला जे मिळायला पाहिजे त्याला एक, तो पण रडतखडत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ही केंद्राची म्हणजे एनडीएमएची (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण) स्कीम, आपत्तीत मदतीला धावणारे स्थानिक स्वयंसेवक तयार करायची. २०१६ ला ३० पूरग्रस्त जिल्ह्यांत सुरू केली, एका जिल्ह्याला २०० स्वयंसेवक असा हिशोब, मग २०२१ ला वाढवून ३५० जिल्हे आणि १ लाख लोक, त्याला ३६९ कोटी. १८ ते ४० वय लागतं, १२ दिवसांचं ट्रेनिंग, किट आणि विमा. आता एनसीसी, एनएसएसच्या पोरांसाठी युवा आपदा मित्र पण काढलंय.

आम्ही कोल्हापूरकडचे, पंचगंगेच्या काठचे, त्यामुळं पाणी काय असतं ते आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही असंच सगळ्यांना वाटत होतं. राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट झालं की इशारा, ४३ ला धोका, हे आमच्याकडं शाळेतलं पोरगं पण सांगतं. पण पोहायला येणं वेगळं आणि बुडणाऱ्याला काढणं वेगळं. दोर फेकायचा तर माणसाच्या अंगावर नाही, त्याच्या डोक्याच्या पलीकडं फेकायचा, म्हणजे दोर खाली येताना त्याच्या हाताला लागतो, आणि फेकणाऱ्यानं आधी स्वतः पाय रोवून खाली बसायचं नाहीतर तोच आत ओढला जातो. पाण्यात उतरायचीच वेळ आली तर समोरून जायचं नाही, तो गळ्याला मिठी मारतो आणि दोघं जातात. साधी गोष्ट आहे पण आमच्यातल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांना पण माहीत नव्हती. रिकामे कॅन बांधून तराफा, दोन बांबू आणि चादरीचं स्ट्रेचर, सीपीआर म्हणजे छाती दाबून श्वास-हृदय चालू ठेवणं, सगळं हातानं करून घेतात, नुसती पीपीटी दाखवून चहा पाजून घरी पाठवलं असं नाही.

किटमध्ये लाइफ जॅकेट, हेल्मेट, गमबूट, बॅटरी, शिट्टी, हातमोजे, फर्स्ट एड, चाकू, मच्छरदाणी वगैरे. जॅकेट चांगलं आहे, शिट्टी तर अंधारात लय कामाची. गमबूट मात्र पुराच्या पाण्यात घालून उतरू नका, आत पाणी भरलं की पाय उचलत नाही, ते नंतर चिखल काढायला ठेवा.

आता खरं दुखणं. ही स्कीम माणूस तयार करते, गाव नाही. आम्ही ट्रेनिंग घेऊन आलो आणि गावात बोट नाही, आणि शेजारच्या गावात बोट आहे तर तिचं मशीन पावसाळा सोडून वर्षभर कुणी सुरू करून बघितलेलं नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरात बोट उलटली, त्यात किती माणसं कोंबली होती ते सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. त्याच्यानंतर तरी बोट, जॅकेटं आणि ती चालवणारा शिकलेला माणूस हे तिन्ही एकत्र एका गावात पाहिजे एवढं कळायला काय हरकत आहे?

पैसे नाहीत असं पण नाही हो. १५ व्या वित्त आयोगानं २०२१ ते २६ साठी सगळ्या राज्यांना मिळून १ लाख ६० हजार कोटी आपत्तीसाठी ठरवले, त्यातले २० टक्के मिटिगेशनला म्हणजे आपत्ती यायच्या आधीच्या कामाला, वर आणखी १० टक्के तयारी आणि ट्रेनिंगला. कागदावर एकदम झकास. पण गावानं स्वतः अर्ज करून त्यातनं एक छोटी बोट आणि मंदिराच्या माळ्यावर सामान ठेवायला लोखंडी रॅक मागितलं तर? या टेबलावरनं त्या टेबलावर. इस्टिमेट आणा, ठराव आणा, ठरावावर सही आहे पण शिक्का नाही, आणि एक साहेब तर म्हणाले की पूर आला की एनडीआरएफ म्हणजे केंद्राचं बचाव दल येतंयच की. येतंय ओ, आणि जीव तोडून काम करतंय, पण रस्ते पाण्याखाली असताना त्यांना गावात पोचायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात म्हातारी माणसं आणि जनावरं बाहेर काढायची असतात ती आम्हीच काढतो.

शेवटी पोरांनी गणेश मंडळाच्या वर्गणीतनं दोर आणि जादा जॅकेटं घेतली. बोट अजून नाहीच. रिफ्रेशर ट्रेनिंगचं पण नाव नाही, दोराच्या गाठी निम्मी पोरं विसरली आता.

अर्ज करायचाच असेल तर ग्रामसभेचा ठराव जानेवारी-फेब्रुवारीत करून घ्या आणि पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नका. मे महिन्यात मान्सूनपूर्व बैठका लागतात, तेव्हा साहेब लोक भेटत पण नाहीत. आणि अर्जात "बोट" एवढंच लिहू नका, बोट, मशीन, दुरुस्ती आणि डिझेल-पेट्रोलचा खर्च सगळं वेगवेगळं मांडा, नाहीतर बोट मिळेल आणि ती पण शेजारच्या गावासारखी ताडपत्रीखाली पडून राहील.