सुपरवायझर कोणाला करायचं: जुन्याला की हुशाराला?

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात चाळीस-पन्नास माणसांचा कारखाना चालवणाऱ्याला हा पेच कधी ना कधी पडतोच. जागा एक, दावेदार दोन. एक पंधरा वर्षं मशिनवर उभा आहे. दुसरा चार वर्षांपूर्वी आलेला डिप्लोमावाला, आणि रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नापास होणारा माल, त्याचंच सगळ्यात कमी.

सेवाज्येष्ठतेचा मोठा गुण म्हणजे तिच्यावर भांडण होत नाही. रुजू झाल्याची तारीख रजिस्टरात असते, मालकाच्या मेहुण्यालाही ती बदलता येत नाही. दुसरा फायदा सहसा कोणी बोलून दाखवत नाही. नवा पोरगा आपल्या डोक्यावर येऊन बसणार नाही याची खात्री असली, की जुना माणूस त्याला सेटिंगच्या खाचाखोचा मोकळेपणाने शिकवतो. तोटा उघड आहे. नुसतं टिकून राहिलं तरी नंबर लागतो म्हटल्यावर चुणचुणीत मुलगा बाहेर नोकरी शोधतो, आणि या भागात ती त्याला मिळतेही.

गुणवत्ता ऐकायला छान, पण मोजायची कशी? मायक्रोसॉफ्टनेसुद्धा कर्मचाऱ्यांना सक्तीने क्रमवारीत बसवण्याची पद्धत २०१३ मध्ये सोडून दिली. शिवाय कोणत्या कामाची गुणवत्ता? अमेरिकेतल्या विक्री कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त माल विकणाऱ्यांना बढती लवकर मिळत होती, पण त्यांच्या हाताखालच्या लोकांची विक्री मात्र घसरत होती. रिजेक्शन कमी असणं हा ऑपरेटरचा गुण झाला. शिफ्टमधली दहा माणसं सांभाळणं हे वेगळंच काम आहे. तेव्हा मोजमाप साहेबाच्या मर्जीवरच चालणार असेल, तर मी ज्येष्ठतेच्या बाजूने.

मधला रस्ताही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या शिवय्या खटल्यात ज्येष्ठता आणि गुणवत्ता यांची सांगड अशी घातली: कामाला लागणारी किमान पात्रता ठरवायची आणि ती असलेल्यांत ज्येष्ठाला आधी घ्यायचं. ज्या लष्कराच्या दक्षिण कमांडचं मुख्यालय पुण्यात आहे, तिथली शिडी तर दोन तुकड्यांची आहे. अटी पूर्ण केल्या की २ वर्षांनी कॅप्टन, ६ वर्षांनी मेजर, १३ वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. कर्नल व्हायचं तर निवड मंडळासमोर कस लागतो.

लहान कारखान्याला हेच जमण्यासारखं आहे. ऑपरेटरपासून मशिनचं सेटिंग करणाऱ्या सेटरपर्यंत वर्षं मोजा. सुपरवायझरसाठी मात्र दोघांनाही आळीपाळीने महिना-दोन महिने एका शिफ्टचा चार्ज देऊन बघा, ज्येष्ठाला आधी. आणि पगार पदापासून सोडवा. राज्य सरकारच्या आश्वासित प्रगती योजनेत पद न बदलताही १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी मिळते. अशी सोय असली, तर जुन्यांपैकी काही जण सुपरवायझरकीची कटकट स्वतःहूनच नको म्हणतील.