ताट, बाजार की शाळेची खिचडी : नगरपालिकेच्या अन्नधोरणाचा पहिला पैसा कुठे पडावा?

शहरातल्या गरिबाला परवडणारे जेवण मिळावे, भोवतालच्या शेतकऱ्याला त्याच्या भाजीचा न्याय्य भाव मिळावा आणि मुलांच्या पोटात पोषक अन्न जावे, ही तिन्ही उद्दिष्टे एकाच वेळी साधण्याइतका पैसा महाराष्ट्रातल्या कोणत्याही मध्यम आकाराच्या नगरपालिकेकडे नसतो. त्यामुळे एखादा नगरसेवक, मुख्याधिकारी किंवा जागरूक नागरिकांचा गट ‘आपल्या गावानेही अन्नासाठी काही करावे’ असे ठरवतो, तेव्हा त्याच्यासमोर क्रम ठरवण्याचा प्रश्न उभा राहतो. स्वस्त थाळीचे केंद्र, शेतकऱ्यांचा थेट बाजार आणि शाळेतील आहाराची सुधारणा हे तीन मार्ग आपल्याकडे प्रत्यक्ष शक्य आहेत. ते खर्च, टिकाऊपणा आणि न्याय या कसोट्यांवर शेजारी शेजारी ठेवून पाहणे हा या आढाव्याचा हेतू आहे.

आधी अधिकाराचा मुद्दा. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत ग्रामपंचायतींसाठी शेती, बाजार व जत्रा आणि सार्वजनिक वितरण व्यवस्था हे विषय स्पष्टपणे दिलेले आहेत. शहरांसाठी असलेल्या बाराव्या अनुसूचीतील अठरा विषयांत मात्र अन्न कुठेच नाही. सार्वजनिक आरोग्य, शहरी दारिद्र्य निर्मूलन, दुर्बल घटकांचे हितरक्षण आणि कत्तलखान्यांचे नियमन एवढ्याच आडवाटा आहेत. या उणिवेमुळे नगरपालिकेत पाणीपुरवठा विभाग असतो, बांधकाम विभाग असतो, पण शहर काय खाते याची जबाबदारी कोणाच्याच टेबलावर नसते. बाजाराची जागा मात्र नगरपालिकेच्या ताब्यात असते, तिच्या शाळा असतात, फेरीवाल्यांची नोंदणी ती करते आणि ओला कचराही तीच उचलते. अन्नधोरण नावाने नसले तरी त्याची बहुतेक अवजारे तिच्या हातात आधीपासूनच आहेत.

ही अवजारे एकत्र आणल्यावर काय होते, याचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण ब्राझीलमधील बेलो ओरिझोंची या शहराचे आहे. १९९३ मध्ये महापौर पात्रुस अनानियास यांनी तेथे अन्नपुरवठ्याचे स्वतंत्र खाते स्थापन केले आणि शालेय आहार, स्वस्त भोजनालये, भाजीबाजार व शेतकऱ्यांची थेट विक्री हे सारे त्याच्याखाली आणले. १९९४ मध्ये सुरू झालेल्या लोकभोजनालयात कोणीही जेवू शकत असे. उत्पन्नाचा दाखला मागितला जात नसे, त्यामुळे मजूर, विद्यार्थी आणि कारकून एकाच रांगेत उभे राहत आणि तिथे जेवणे कमीपणाचे ठरत नसे. या साऱ्यावरचा खर्च शहराच्या अंदाजपत्रकाच्या दोन टक्क्यांच्या आत राहिला. २००९ मध्ये या धोरणाला वर्ल्ड फ्युचर कौन्सिलचा पुरस्कार मिळाला, तोपर्यंत शहरात सत्ताबदल होऊन गेले होते आणि कार्यक्रम चालूच होते. माझ्या मते त्यांच्या टिकण्यामागचे मुख्य कारण ते स्वतंत्र खातेच होते, कारण योजना सरकारबरोबर जाते, पण खात्याला कर्मचारी असतात, नोंदी असतात आणि दरवर्षी अंदाजपत्रकात आपली ओळ मागण्याची सवय असते.

स्वस्त थाळी

थाळी हा सर्वांत दिसणारा आणि म्हणूनच राजकीयदृष्ट्या सर्वांत आकर्षक मार्ग आहे. त्याची तीन भारतीय रूपे पाहण्यासारखी आहेत, कारण तिन्हींत पैसा वेगळ्या खिशातून येतो.

चेन्नई महानगरपालिकेने फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘अम्मा उणवगम’ ही स्वस्त भोजनालये सुरू केली. एक रुपयाला इडली, पाच रुपयांना सांबारभात, तीन रुपयांना दहीभात असे दर ठेवले, बचत गटांतील स्त्रियांना रोजंदारीवर कामाला घेतले आणि तोटा महानगरपालिकेने स्वतः सोसला. हमाल, रिक्षाचालक, बांधकाम मजूर यांना या भोजनालयांनी दिलेला आधार मोठा आहे. २०१५ च्या पुरात आणि पुढे टाळेबंदीत हीच यंत्रणा तयार होती म्हणून शहराला तातडीने शिजवलेले अन्न देता आले. परंतु दर वाढवणे राजकीयदृष्ट्या अशक्य झाल्यामुळे तोटा वर्षानुवर्षे वाढत गेला. चेन्नईएवढ्या महानगराला तो पेलतो. घरपट्टीच्या वसुलीवर पगार भागवणाऱ्या नगरपालिकेला तो पेलणार नाही.

केरळमध्ये २०२० पासून कुटुंबश्री या महिला बचत गटांच्या राज्यव्यापी जाळ्यातील स्त्रियांनी ‘जनकीय’ भोजनालये चालवली. जेवण वीस रुपयांना, राज्याकडून प्रत्येक जेवणामागे दहा रुपयांचे अनुदान, आणि जागा, वीज, पाणी स्थानिक स्वराज्य संस्थेकडून, अशी ही विभागणी होती. स्थानिक संस्थेवरचा बोजा मर्यादित ठेवणारी ही रचना कागदावर सर्वांत समतोल दिसते. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याने अनुदान काढून घेतले, जेवणाचा दर तीस रुपयांवर गेला आणि आधीच्या थकबाकीसह सारा ताण भोजनालय चालवणाऱ्या स्त्रियांवर आला.

महाराष्ट्रातील शिवभोजन योजना २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली. दोन चपात्या, एक वाटी भाजी, वरण आणि भात अशी थाळी ग्राहकाला दहा रुपयांत मिळते; शहरी भागात थाळीचा दर पन्नास रुपये आणि ग्रामीण भागात पस्तीस रुपये धरून उरलेली रक्कम राज्य सरकार केंद्रचालकाला देते. पोषणाच्या दृष्टीने ही थाळी इडली-सांबारभातापेक्षा उजवी आहे, कारण तिच्यात भाजी आणि डाळ ठरलेल्या मापाने आहे. तिचे दुखणे केरळसारखेच आहे. देयके उशिरा येतात, तोवर किराणा, गॅस आणि भाजीवाल्याचे पैसे केंद्रचालकाने कुठून तरी उभे करायचे असतात. आणि केंद्रचालक जर बचत गट असेल, तर ते पैसे त्या बायकांच्या घरातून जातात. गरिबाच्या थाळीचा भार दुसऱ्या गरीब स्त्रीवर टाकणाऱ्या धोरणाला न्याय्य म्हणणे मला जमत नाही.

नगरपालिकेने स्वतःच्या निधीतून असे केंद्र चालवायचे ठरवले तर हिशेब सोपा आहे. थाळीमागे चाळीस रुपये अनुदान, पाच केंद्रांवर रोज शंभर थाळ्या आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर वर्षाला साठ लाख रुपये लागतात. त्यातून रोज पाचशे माणसे एकवेळ जेवतात. हे काम मोलाचे आहे, परंतु ज्या वर्षी तरतूद होणार नाही त्या वर्षी काहीही उरत नाही.

शेतकऱ्यांचा थेट बाजार

आठवडी बाजार आपल्याला नवा नाही. बहुतेक गावांत तो नगरपालिकेच्याच जागेवर भरतो आणि फी वसुलीचा ठेका दरवर्षी लिलावाने दिला जातो. प्रश्न असा आहे की त्या जागेकडे नगरपालिका केवळ उत्पन्नाचे साधन म्हणून पाहते की धोरणाचे साधन म्हणूनही. बेलो ओरिझोंचीने मोक्याच्या जागा विक्रेत्यांना कमी भाड्याने दिल्या आणि बदल्यात दोन अटी घातल्या: ठरावीक भाज्या-फळे शहराने ठरवलेल्या दरात विकायची आणि आठवड्याच्या अखेरीस तोच माल गरीब वस्त्यांत नेऊन विकायचा. शहराच्या तिजोरीतून अनुदान म्हणून जवळजवळ काहीच गेले नाही. आपल्या नगरपालिकांकडे रोख नसली तरी जागा असते, म्हणून आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण मला हेच वाटते.

भारतात दक्षिणेकडील दोन राज्यांनी १९९९ मध्ये हा मार्ग धरला: जानेवारीत आंध्र प्रदेशात रयतु बाजार आणि नोव्हेंबरमध्ये मदुराईपासून तमिळनाडूतील उळवर संदै. तमिळनाडूच्या बाजारात शेतकऱ्याला ओळखपत्र असते, ते देण्यापूर्वी अधिकारी त्याच्या शेतात काय पिकते हे पाहतात, आणि रोजचा दर घाऊक भावापेक्षा जास्त पण किरकोळ भावापेक्षा कमी असा ठरवून फलकावर लिहिला जातो. शेतकऱ्याच्या नावाने व्यापारीच बसणे हा अशा प्रत्येक बाजाराचा जुना रोग असल्याने ओळखपत्राची ही तजवीज अत्यंत महत्त्वाची ठरते. महाराष्ट्रात जुलै २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला, आणि त्याच वर्षी कृषी पणन मंडळाच्या शेतकरी आठवडे बाजार मोहिमेला संत सावता माळी यांचे नाव मिळाले. पुण्यातल्या अनेक पेठांत आणि उपनगरांत हे बाजार आज लोकांच्या अंगवळणी पडलेले आहेत. नगरपालिकेने जागा, पाण्याचा नळ, स्वच्छतागृह आणि सावलीची शेड एवढे दिले की पहिल्या वर्षानंतरचा खर्च नगण्य राहतो.

या मार्गाच्या दोन उणिवा आहेत आणि त्या लपवू नयेत. पहिली अशी की थेट बाजाराचा लाभ बहुतांशी मध्यमवर्गीय वस्त्यांना होतो, कारण बाजार भरवण्याची मागणीही तिथूनच येते. जागा निवडताना किमान निम्मे बाजार झोपडपट्टीलगत आणि मजूर घरी परतण्याच्या वेळेला भरतील असा ठराव केल्याशिवाय हा लाभ खाली पोहोचत नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. रस्त्याकडेला टोपली घेऊन बसणारी भाजीवाली ही शहराच्या अन्नव्यवस्थेतील सर्वांत दुर्बल विक्रेती आहे आणि तिच्यासमोरच शेतकरी बाजार भरला तर आठवड्याची तिची कमाई जाते. पथविक्रेता अधिनियम २०१४ नुसार नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांतील एकतृतीयांश स्त्रिया असणे बंधनकारक आहे. शेतकरी बाजाराचा वार आणि जागा याच समितीत ठरावी, असा माझा स्पष्ट आग्रह आहे. समितीच अस्तित्वात नसेल तर आधी ती स्थापन करावी आणि मग बाजाराचे उद्घाटन करावे.

शाळेतील आहार

तिसऱ्या मार्गाकडे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि मला तोच सर्वांत फलदायी वाटतो. कारण यात मूळ पैसा आधीच येत असतो. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेखाली प्राथमिकच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिकच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने देणारा आहार मिळणे अपेक्षित आहे, आणि त्याचा मुख्य खर्च केंद्र व राज्य सरकारे उचलतात. नगरपालिकेने फक्त वरची भर घालायची असते, म्हणून तिचा एकेक रुपया इथे सर्वांत लांब जातो.

अंड्याचे उदाहरण घ्यावे. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये मुलांना आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवून शाळांनी लोकसहभागातून सोय करावी, असे सांगण्यात आले. ज्या वस्तीतील पालक स्वतःच रोजंदारीवर आहेत तिथे लोकसहभाग कुठून येणार, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. आता वरच्याच पद्धतीने हिशेब करू. नगरपालिकेच्या शाळांत दोन हजार मुले, वर्षाचे चाळीस आठवडे आणि अंड्याचा दर सात रुपये धरला, तर वर्षाला पाच लाख साठ हजार रुपये होतात. थाळीकेंद्रांच्या साठ लाखांच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही हे कमी आहे, आणि ते वाढत्या वयातील मुलांपर्यंत थेट पोहोचते.

शेतकऱ्याशी जोड देण्याची सोयही इथे आहे. ब्राझीलच्या २००९ च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतील किमान तीस टक्के रक्कम कुटुंबशेती करणाऱ्यांकडून होणाऱ्या खरेदीसाठी राखून ठेवली. आपल्याकडे तांदूळ सरकारी गोदामातून येतो, तरी भाजी, मसाला आणि इंधन यांसाठीचा पैसा स्थानिक पातळीवरच खर्च होतो. जिथे बचत गट स्वयंपाक करतात तिथे तो गट आणि शेतकरी बाजारातील उत्पादक यांच्यात हंगामी दराचा साधा करार नगरपालिका घडवून आणू शकते. जिथे मोठ्या मध्यवर्ती स्वयंपाकघराला कंत्राट दिले आहे तिथे हे अवघड जाते, कारण ठेकेदाराला वर्षभर एकाच मापाचा माल हवा असतो. स्वच्छता आणि हिशेब यांत मध्यवर्ती स्वयंपाकघर सरस ठरू शकते हे मान्य करूनही, लहान नगरपालिकेने बचत गटाचीच निवड करावी असे मला वाटते. त्यांना प्रशिक्षण, ओटा, गॅस आणि वेळेवर देयक एवढे दिले की गुणवत्तेचा बराचसा फरक भरून निघतो. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनने २००७ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेमार्फत सार्वजनिक स्वयंपाकघरांतील आचाऱ्यांना नव्याने शिकवले, मांस कमी केले, नासाडी घटवली आणि वाचलेल्या पैशांतून सेंद्रिय मालाचा वाटा नव्वद टक्क्यांच्या आसपास नेला. आपल्याकडे सेंद्रियचा आग्रह आज परवडणार नाही, पण आचाऱ्याच्या प्रशिक्षणाचा पैसा वसूल होतो हा त्यांचा धडा घेण्याजोगा आहे.

कोणी काय निवडावे

ज्या शहरात बाहेरून आलेल्या मजुरांची संख्या मोठी आहे, जिथे त्यांना स्वयंपाकाची जागाच नाही आणि महापालिकेचे स्वतःचे उत्पन्न भक्कम आहे, तिथे थाळीकेंद्राला पर्याय नाही. तिथेही देयक तीस दिवसांत देण्याची हमी ठरावातच घालावी आणि दोन महिन्यांची रक्कम केंद्रचालकाला आगाऊ द्यावी. औद्योगिक पट्ट्यातील महापालिका या वर्गात येतात.

तालुक्याच्या गावातील नगरपालिकेसाठी माझा क्रम वेगळा आहे. पहिल्या अंदाजपत्रकात शाळेतील अंडी-केळी आणि बचत गटांच्या स्वयंपाकघरांची दुरुस्ती घ्यावी. त्याच वर्षी पथविक्रेता समिती कार्यरत करून दुसऱ्या वर्षी दोन शेतकरी बाजार सुरू करावेत, त्यांतील एक गरीब वस्तीजवळ असावा. थाळी राज्याच्या योजनेतून मिळत असेल तर नगरपालिकेने जागा, पाणी आणि वीज द्यावी, रोख अनुदानाचे आश्वासन देऊ नये. आणि या साऱ्याची जबाबदारी आरोग्य, शिक्षण व बाजार विभागांत विखुरलेली न ठेवता एका अधिकाऱ्याकडे लेखी सोपवावी, त्याच्या कामासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे आणि त्यात पहिल्या वर्षी पाच-सहा लाख रुपयेच असले तरी ते शीर्ष पुढच्या वर्षी रिकामे ठेवले जाणार नाही याकडे सभागृहातील विरोधी बाकांनीही लक्ष द्यावे.