पोलरायझेशन किट, खजुरी बाजार इंदूर: कॉलेजपुरता ठीक, पण लेझर बघून घ्या

खजुरी बाजाराजवळच्या एका लॅब-सामानाच्या दुकानातून घेतला. दोन पोलरॉइड (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या चकत्या), अभ्रकाची क्वार्टर वेव्ह प्लेट (त्या प्रकाशाला वर्तुळाकार पोलराइज्ड करणारी), अंशांच्या डायल्स आणि हिरवा लेझर. एमएस्सीच्या पोरांना कोलायडरमधल्या (कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रातल्या) इलेक्ट्रॉन बीमचं पोलरायझेशन, म्हणजे इलेक्ट्रॉनांचे स्पिन (कण स्वतःभोवती फिरल्यासारखा गुणधर्म) किती प्रमाणात एका दिशेला आहेत, कसं मोजतात ते शिकवायचं होतं, आता ते मोजणारा कॉम्प्टन पोलरिमीटर काही टेबलावर मांडता येत नाही, पण त्यातली लेझरची बाजू येते. (पोरं दर वर्षी विचारतात, सर आपल्या कॅटमध्ये, म्हणजे इंदूरच्या आरआरकॅट या प्रवेगक संशोधन केंद्रात, कोलायडर आहे का? नाही रे, इंडस-2 सिंक्रोट्रॉन आहे, तो इलेक्ट्रॉन फिरवून प्रकाश मिळवतो, कोलायडर नाही.)

तर कोलायडरमध्ये वर्तुळाकार पोलराइज्ड (कंपनाची दिशा उजवीकडे किंवा डावीकडे गोल फिरत राहते असा) लेझर समोरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांवर सोडतात, दोघांचे स्पिन कसे जुळतात त्यावर किती विखुरणार ते ठरतं, मग लेझर उजवा-डावा पलटत राहायचा आणि दोन्ही वेळचे काउंट ताडून बघायचे. स्टॅनफर्डच्या एसएलसी या कोलायडरमध्ये 45.6 जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा बीम आणि 532 नॅनोमीटरचा हिरवा लेझर होता, 1994-95 मध्ये पोलरायझेशन 77 टक्क्यांच्या आसपास आलं आणि पुढे मोजणीतली अनिश्चितता अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली आणली. पण काउंटमधला फरक येतो इलेक्ट्रॉनचं पोलरायझेशन गुणिले लेझरचं याच्या प्रमाणात, म्हणून लेझर किती शुद्ध आहे ते माहीत नसेल तर सगळी मेहनत पाण्यात.

आणि इथेच किटची गोची! प्लेट सोडियम दिव्याच्या 589 नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी कापलेली, लेझर मात्र 532 चा, डब्यावर एक अक्षर नाही. दुकानातले काका म्हणे, "सर, सगळे कॉलेजवाले हीच नेतात." नेत असतील. पण प्लेट प्रकाशाच्या दोन घटकांत जो फेजचा (लहरी मागे-पुढे होण्याचा) फरक पाडते तो 90 ऐवजी जवळपास 100 अंश होतो, अॅनालायझर (प्लेटच्या पुढचा दुसरा पोलरॉइड) फिरवला की उजेड एकसारखा राहायला हवा तर तो 1.4 पटीने कमी-जास्त होतो. गंमत म्हणजे एवढं डोळ्यांना दिसत असूनही वर्तुळाकार पोलरायझेशन 98.6 टक्के निघतं, वर्गात यावरच तास गेला. अर्ध्या टक्क्याच्या गोष्टी करणाऱ्यांना हा दीड टक्का भलता महाग पडेल.

पोलरॉइड चांगलेत, एकमेकांना आडवे धरले की अंधार होतो. लेझरचा स्टँड डुगडुगतो, खाली रबर लावा. लाल लेझर घेऊन फायदा नाही, चूक फक्त उलट्या बाजूला जाते. घ्यायचाच तर सोडियम लॅम्पवर वापरा नाहीतर 532 ची प्लेट वेगळी मागवा. पाचपैकी साडेतीन.