पणजीतलं ईएसजी वर्कशॉप: दुसऱ्या दिवसासाठी ३.५ स्टार

गेल्या महिन्यात पणजीत दोन दिवसांचं ईएसजी रिपोर्टिंगचं वर्कशॉप केलं (एन्व्हायर्न्मेंट, सोशल, गव्हर्नन्स, म्हणजे कंपनी पर्यावरण, माणसं आणि स्वतःचा कारभार कसा सांभाळते त्याचा अहवाल), कोणाचं ते नाही सांगत. मी डिचोलीचा, अकाउंट्समध्ये आहे, ऑफिसने फी भरली म्हणून गेलो आणि पहिला दिवस अक्षरशः फुकट, सकाळपासून नुसत्या स्लाइड्स, झाडं, पवनचक्क्या, हसरी पोरं. एसी एवढा की दुपारी बाहेर उन्हात जाऊन बसलो. जेवणात पनीर. गोव्यात. श्रावण पण नव्हता!

दुसऱ्या दिवशी सर बदलले आणि झोप उडाली. प्रत्येक ग्रुपला एकेका कंपनीचा बीआरएसआर दिला (कंपनीचा ईएसजीचा वार्षिक अहवाल, शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या टॉप १००० लिस्टेड कंपन्यांना कंपल्सरी केलाय तो) आणि म्हणाले कार्बनचे आकडे राहूदे, आधी सेक्शन बी उघडा. तिथे विचारलेलं असतं की ह्या सगळ्याला बोर्डावर जबाबदार कोण, निर्णय घेणारी कमिटी आहे का. आमच्या ग्रुपला मिळालेल्या कंपनीने 'हो' लिहिलेलं, मग सरांनी ॲन्युअल रिपोर्ट काढायला लावला तर त्या कमिटीची वर्षभरात मीटिंग एकच, आणि एमडीचा बोनस फक्त नफ्यावर. आता तो एमडी सांडपाण्याच्या प्लांटवर खर्च करेल कशाला, तुम्हीच सांगा.

फोक्सवॅगनचं उदाहरण पण मस्त रंगवलं, २०१५ ला डिझेलचं लफडं फुटलं (डिझेल गाड्या धुराच्या टेस्टमध्ये सॉफ्टवेअरने फसवून पास करायचे) तेव्हा ही कंपनी डाऊ जोन्सच्या सस्टेनेबिलिटी इंडेक्समध्ये, म्हणजे ईएसजीत चांगल्या समजल्या जाणाऱ्या कंपन्यांच्या यादीत होती, लफड्यानंतर काढली. बोर्डावर पोर्श-पिएच घराण्याची माणसं, लोअर सॅक्सनी या जर्मन राज्याच्या सरकारची, कामगारांची, मोठ्या शेअरहोल्डरची, म्हणजे खुर्च्या भरलेल्या पण बाहेरून येऊन टोकणारा माणूस कमीच. मी आजवर ईएसजीतला तो शेवटचा जी, गव्हर्नन्स, म्हणजे नुसती कागदपत्रं समजत होतो.

तक्रार एकच. मी विचारलं, सर, लिस्टेडच नसलेल्या कंपनीचं काय, तिला तर बीआरएसआर लागतच नाही? आमच्याकडे २०१२ ला मायनिंग बंद पडेपर्यंत ट्रकांची लाल धूळ आईच्या भांड्यांवर बसायची, ती कुठल्या सेक्शनात भरायची? सर म्हणाले चहाला बोलू. चहाला ते फोनवर.

जायचं असेल तर फक्त दुसऱ्या दिवसाची फी घेतात काय ते आधी विचारा, आणि स्वेटर न्या.