चार सिलिंडर, चौदा महिने आणि एक चमचा

वर्ष झालं की लिहायचं ठरवलं होतं, आळसात दोन महिने वर गेले. मागच्या महिन्यात एका गॅरेजवाल्याने हातावर २,९०० युरोचं कोटेशन ठेवलं आणि आळस झटकन उतरला.

गाडी पोर्शे ७१८ केमन. जास्त ताकदीची एस नाही, जीटीएस नाही, साधी दोन लिटरची. २०१७ची, सहा गिअरची मॅन्युअल, ४१ हजार किलोमीटर झालेली सेकंडहँड घेतली. आता साडेएक्कावन्न हजार झालेत. राहतो स्टुटगार्टच्या बाहेर, म्हणजे ही गाडी जिथे बनायची तिथून अर्ध्या तासावर. ३०० अश्वशक्ती, ३८० न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे इंजिनाची ओढ), १९८८ सीसी हे सगळं तुम्हाला पाठ असणार, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. हीच ती गाडी, जिचे पोर्शेने २०१६ मध्ये सहापैकी दोन सिलिंडर काढून टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवला आणि जगभरच्या शौकिनांनी सुतक पाळलं.

त्या सुतकाचा मला फायदाच झाला. मंडईत ज्या भाजीला लोक नाक मुरडतात ती संध्याकाळी स्वस्तात मिळते, तसं आहे हे. त्याच वयाची सहा सिलिंडरवाली केमन बघायला गेलो की किंमत ऐकून परत यायचो. ही मात्र 'अरे, ही चारवाली' म्हणून बाजूला उभी होती. नेमका आकडा लिहीत नाही, आईला अजून खरा आकडा माहीत नाही.

आता आवाज. माझ्या वहीत या गाडीबद्दलच्या नोंदींत निम्म्याहून जास्त आवाजाच्याच आहेत. सकाळी सातला तळघरातल्या पार्किंगमध्ये थंड इंजिन सुरू केलं की धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवायला ते पहिला मिनिटभर चढ्या फेऱ्यांवर चालतं. त्या मिनिटात जो खडखडाट होतो, तो काँक्रीटच्या भिंतींवर आपटून दुप्पट होतो. दुसऱ्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी अत्यंत सभ्यपणे विचारलं, 'तुमची डिझेल आहे का?' मी नाही म्हणालो. ते म्हणाले, 'अच्छा', आणि लिफ्टचं दार बंद झालं. त्या 'अच्छा'ने माझा पूर्ण दिवस खराब केला.

शौकिनांच्या शिव्या दोनच: जुन्या फोक्सवॅगन बीटलसारखी वाजते, नाहीतर जपानी सुबारूसारखी वाजते. बीटलचं इंजिनही आडव्या चार सिलिंडरचंच होतं, त्यामुळे ही शिवी निदान शास्त्रशुद्ध आहे. पण मला नेमकं काय कमी पडतंय ते कळायला बायकोची मदत लागली. ती गाणं शिकते. मित्राकडे २०१४ची २.७ लिटर, सहा सिलिंडरवाली केमन आहे. एका रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये दोन्ही गाड्या शेजारी लावल्या आणि दोघांनी इंजिनाच्या फेऱ्यांच्या सुया ३००० वर धरल्या. (इथे विनाकारण इंजिन घुमवत ठेवायला कायद्याने मनाई आहे, म्हणून दहा सेकंदच.) बायकोने मोबाइलवर तंबोरा लावला होता. ती म्हणाली, 'तुझी सा लावतेय, त्याची प.'

घरी येऊन कागद घेतला. ३००० फेऱ्या मिनिटाला म्हणजे सेकंदाला ५०. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला १००. सहावाल्यात दर फेरीला तीन, म्हणजे १५०. शंभराला दीडशे, हे प्रमाण सा आणि प यांचंच. मी अर्धा तास तो कागद बघत बसलो. पोर्शेने दोन सिलिंडर काढले म्हणजे तंबोऱ्याची पहिली, पंचमाची तारच उतरवून ठेवली! मला तो पंचम हवा असेल तर इंजिन ४५०० वर न्यायला लागतं. आणि गंमत अशी की ही गाडी तुम्हाला ४५०० पर्यंत जायची गरजच पडू देत नाही. सगळा टॉर्क १९५० पासूनच हजर असतो.

हा मुद्दा मला सहा महिन्यांनी कळला. तोवर मी फक्त आवाजावर चिडत होतो.

झालं असं, की मित्राने आणि मी बाड उराख गावावरून आल्बच्या पठारावर चढणाऱ्या वळणांच्या रस्त्यावर गाड्या बदलल्या. त्याची २७५ अश्वशक्तीची, पण टॉर्क २९० आणि तोही ४५०० च्या पुढे. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये होतो, काही होईना. दुसरा टाकला, सुई वर चढली आणि पाच हजारानंतर मागून जे सुरू झालं ते ऐकून मी वळण चुकता चुकता वाचलो. वर पोहोचलो तर माझी गाडी घेऊन तो आधीच पोहोचलेला, बोनेटला टेकून केळं खात होता. म्हणाला, 'तिसऱ्यातच आलो रे, गिअर बदलावाच लागला नाही.' तो हे कौतुकाने म्हणाला की तक्रारीने, मला अजून कळलेलं नाही. त्याला स्वतःलाही कळलं नसावं, कारण परतीला त्याने लगेच आपली किल्ली मागितली.

तेव्हापासून माझं मत थोडं बदललं. गाडी वेगवान आहे, माझ्या गरजेपेक्षा बरीच जास्त. वळणात ती जशी बसते, त्यात त्या चार-सहाचा काही संबंध नाही. स्टिअरिंग, ब्रेक, मधोमध बसवलेल्या इंजिनामुळे येणारा तोल, हे सगळं दोन्ही गाड्यांत पहिल्या दर्जाचं आहे आणि त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. दोन हजाराच्या खाली मात्र थोडी सुस्ती आहे. गावातल्या चौकात दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की आधी विचार करते, मग एकदम निघते. सवय होते.

आता पैशांचा हिशेब, कारण सिलिंडर कमी केले ते शेवटी कशासाठी? युरोपातल्या कंपन्यांना विकलेल्या सगळ्या नव्या गाड्यांची सरासरी किलोमीटरला ९५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडवर आणायची होती, हे ठाऊकच आहे. पण मला जास्त मजेशीर वाटतो तो चीनचा उपभोग कर. तिथे हा कर इंजिनाच्या आकारावर आहे: दोन लिटरपर्यंत ५ टक्के, अडीचपर्यंत ९, तीनपर्यंत १२ आणि तिथून चारपर्यंत एकदम २५. आता ७१८ची दोन इंजिनं बघा: १९८८ आणि २४९७ सीसी. आधीच्या मॉडेलची होती २७०६ आणि ३४३६. मला तर नव्या इंजिनांची मापं फुटपट्टी लावून काढल्यासारखी दिसतात. आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाड्यांना कमी करासाठी १२०० सीसीची मर्यादा आली आणि जो तो ११९७ वर येऊन थांबला, त्यातलाच प्रकार. सरकार कुठलंही असो, इंजिनाचा आकार शेवटी कर खात्यातच ठरतो.

मला स्वतःला किती वाचले? जर्मनीत पेट्रोल गाडीच्या वार्षिक करात दर १०० सीसीला २ युरो असा एक भाग असतो. माझे २० गुणिले २, म्हणजे ४०. मित्राचे २८ गुणिले २, म्हणजे ५६. दोन सिलिंडर, एक पंचम, आणि बदल्यात वर्षाला १६ युरो. १६ युरोत इथे हापूसची अर्धी पेटीसुद्धा येत नाही. कार्बनवरचा कर वेगळा, त्यातही थोडे वाचतात. पेट्रोलचं म्हणाल तर मला सरासरी शंभर किलोमीटरला ८.६ लिटर लागतात, मित्राला ९.४. माझ्या वर्षाच्या नऊ हजार किलोमीटरला ७२ लिटरचा फरक. ऑटोबानवर १६० च्या पुढे गेलात तर तोही उरत नाही, टर्बो पेट्रोल ढोसतो.

एप्रिलअखेर आई-बाबा आले. बाबा पिंपरीच्या कारखान्यात ३४ वर्षं फिटर होते. गाडी बघताच पहिला प्रश्न, 'किती देते?' ८.६ चं उलटं करून सांगितलं, लिटरला साडेअकरा. 'आणि माणसं दोन?' दोन. 'आणि सिलिंडर?' चार. आई मधेच म्हणाली, 'आपल्याकडे तर डबल कनेक्शनला दोनच देतात.' मग बाबा म्हणाले, 'बोनेट उघड, इंजिन बघू.' उघडलं, तर आत डिकी. मागची डिकी उघडली, तर तिथेही डिकीच, फक्त तेलाची आणि कूलंटची दोन झाकणं. इंजिन मधे, सगळं झाकलेलं. डिपस्टिकसुद्धा नाही, तेलाची पातळी स्क्रीनवर. बाबांनी दोन्ही झाकणं बोटाने वाजवून बघितली आणि म्हणाले, 'दिसतच नाही तर चार काय अन् सहा काय. मोजलेत कोणी?'

आता त्या कोटेशनची कथा. फेब्रुवारीपासून गाडीतून एक नवा आवाज यायला लागला होता. साधारण दोन हजार फेऱ्यांना, मागून, पातळ पत्रा थरथरावा तसा. झालं, मी म्हटलं, या चार सिलिंडरचाच प्रताप. एका खासगी गॅरेजमध्ये नेली. त्यांनी लिफ्टवर घेतली, तिथे अर्थातच काही वाजेना, कारण उभ्या गाडीत तो आवाज यायचाच नाही. तरी निदान ठाम: सायलेन्सरच्या आतलं काहीतरी सुटलंय, तो बदला, आणि बदलणारच आहात तर फ्लॅपवाला, आवाज मोकळा सोडणारा स्पोर्ट्स एक्झॉस्टच बसवा, 'या इंजिनाला त्याची गरज आहेच.' मजुरी, कर सगळं धरून २,९००. आणि तपासणीचे ९५ लगेच घेतले. खोटं कशाला बोलू, मी जवळजवळ हो म्हणालो होतो. स्पोर्ट्स एक्झॉस्टची इच्छा पहिल्या दिवसापासूनची, आणि आता तिला वैद्यकीय कारण मिळालं होतं.

बाबांना कोटेशन दाखवलं. युरोचे रुपये त्यांनी मनातच केले, तोंडाने बोलले नाहीत. म्हणाले, 'मला एक चक्कर मार.' निघताना माझ्या हत्यारांच्या पेटीतला लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसले. गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर मी सुई दोन हजारावर धरली. ते सीटवर अर्धे मागे वळले, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आधी सीटमागच्या आडव्या कप्प्यावर, मग मागच्या गालिच्यावर टेकवलं आणि मुठीला कान लावला. सत्तरीचा माणूस, केमनमध्ये तिरका झालेला, डोळे मिटून. दोन मिनिटांनी म्हणाले, 'इंजिनाचा नाही. स्टीलवर प्लास्टिक वाजतंय. थांबव.'

मागची डिकी उघडली. गालिचा उचलला. तेलाच्या झाकणाशेजारच्या खाचेत एक स्टीलचा चमचा उभा अडकलेला होता. फेब्रुवारीत आम्ही ब्लॅक फॉरेस्टला गेलो होतो, तेव्हा पोह्यांच्या डब्याबरोबर नेलेला. बायको तेव्हापासून तो शोधत होती. बाबांनी दांडा अंगठ्याने पुसला. त्यावर आईच्या माहेरची अक्षरं कोरलेली. 'हा आमच्या लग्नातल्या डझनातला,' म्हणाले, आणि खिशात टाकला.

तर दोन महिने मी ज्या आवाजावरून या इंजिनाला शिव्या घातल्या, त्यातला निम्मा माझाच होता. पंचमाची तक्रार मी मागे घेत नाही, ती खरी आहे. चमचा काढल्यावरही सकाळचा खडखडाट तसाच आहे आणि आजोबा अजून लिफ्टमध्ये भेटले की किल्लीकडे बघतात. पण इतर बऱ्याच आरोपांकडे मी आता संशयाने बघतो. ज्यांनी ही गाडी कधी चालवली नाही आणि व्हिडिओतला आवाज ऐकून नाकारली, त्यांच्या कानात कुठला चमचा अडकलाय कोण जाणे.

शौकिनांचं शेवटी पोर्शेने ऐकलं, हेही लिहायला हवं. २०२० मध्ये जीटीएसमध्ये चार लिटरचं सहा सिलिंडर, बिनटर्बो इंजिन परत आणलं, ४०० अश्वशक्तीचं. ज्यांनी सुतक पाळलं होतं त्यांनी पेढे वाटले आणि किंमत बघून बरेच घरी परत गेले. ७१८ हे नाव पन्नाशीच्या दशकातल्या ज्या रेसगाडीवरून घेतलं, जिने १९५९ आणि १९६० ला सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ जिंकली, तीही चारच सिलिंडरची होती, हा दाखला कंपनीने तेव्हा खूप दिला. कुणाचंही त्याने समाधान झालं नाही. माझंही नाही. इतिहास ऐकू येत नसतो. आता तर २०२५च्या ऑक्टोबरमध्ये या पिढीचं उत्पादनच थांबलं, तेव्हा सहावाल्या जुन्या गाड्या स्वस्त होतील ही आशा मी सोडली आहे.

घ्यावी का? दोन माणसं असाल, आणि घाटात गिअर न बदलता पुढे जाण्यात मजा वाटत असेल, तर डोळे मिटून घ्या. फक्त विकणाऱ्याने स्पोर्ट्स एक्झॉस्ट लावून घेतलाय का ते बघा, मागाहून महाग पडतो. पाच हजाराच्या पुढचं गाणं ऐकायलाच जर स्पोर्ट्स कार घेत असाल तर थोडं थांबा, पैसे साठवा आणि जुनी २.७ शोधा. आणि कुठलीही घ्या, गॅरेजला नेण्याआधी डिकीचा गालिचा उचलून बघा.

आई-बाबा परवा परत गेले. विमानतळावर सोडायला मी बाबांना केमनमधून नेलं, आई आणि बायको बॅगा घेऊन लोकलने. सोमवारी गॅरेजवाल्याचा मेल आला: मे महिन्याची खास सूट, २,९०० चे २,४६५. अजून उत्तर दिलेलं नाही. डिलीटही केलेला नाही.