हरणासाठी काडतूस कोणतं घ्यावं? माझं मत ७ एमएम-०८ ला

सरळ मुद्द्यावर येते. पेनसिल्वेनियात व्हाइटटेल हरणासाठी पहिली रायफल घ्यायची आहे आणि .२४३ घेऊ, .३०८ घेऊ की हल्ली जो तो सांगतो ते ६.५ क्रीडमूर घेऊ (ही सगळी काडतुसांची नावं, रायफल त्या-त्या काडतुसाचीच घ्यावी लागते), यात डोकं गरगरत असेल तर या सगळ्यांच्या मधे बसणारं एक काडतूस आहे ज्याचं नाव दुकानात कोणी आपणहून काढत नाही, ७ एमएम-०८ रेमिंग्टन. मी बरेच सीझन हेच वापरतेय, नवऱ्याकडे .३०-०६ आहे तीही भरपूर चालवलीय, शेजारच्या आजोबांची .३०-३० ची लिव्हर अ‍ॅक्शनही (खालचा दांडा ओढून पुढचं काडतूस चढवायची रायफल) हाताळलीय, त्यामुळे तुलना करून लिहितेय, ऐकीव नाही.

आधी हे काय प्रकरण आहे ते. .३०८ विंचेस्टर १९५२ साली आलं, त्याचंच पितळी केस (दारू भरायचं नळकांडं) घेऊन मान आवळली आणि ७ मिलिमीटरची म्हणजे .२८४ इंचाची गोळी बसवली की झालं ७ एमएम-०८. हौशी लोक घरी असली काडतुसं आधीपासून बनवत होते, रेमिंग्टनने १९८० मध्ये ते अधिकृतपणे बाजारात आणलं. .२४३ पण त्याच केसची बहीण, १९५५ ची. म्हणजे दारू भरायला जागा साधारण तेवढीच, फक्त गोळी बदलते. नेहमीचा लोड म्हणजे १४० ग्रेनची गोळी (जेमतेम ९ ग्रॅम हो), बॉक्सवरचा वेग सेकंदाला २८६० फूट, नळीतून निघताना ऊर्जा साधारण २५०० फूट-पाउंड, २०० यार्डांवर १८०० च्या आसपास उरते. २०० यार्डांवर झीरो केली, म्हणजे नेम आणि गोळी तिथे एकाच जागी जुळवली, तर १०० वर दोनेक इंच वर लागते आणि ३०० वर आठ-नऊ इंच खाली. आता आमच्या पोटर काउंटीच्या जंगलात ३०० यार्ड दिसतं तरी कुठे, बहुतेक हरणं १०० च्या आतच समोर येतात, त्यामुळे हे आकडे गरजेपेक्षा जास्तच आहेत.

आणि खरं सांगू का, आकड्यांनी हरीण पडत नाही. हरीण पडतं ते गोळी पुढच्या पायाच्या मागे, छातीत खालच्या तिसऱ्या भागात गेली तर. हृदय-फुफ्फुसाची ती जागा साधारण आठ इंचांची, म्हणजे आपल्या जेवणाच्या ताटापेक्षाही लहान. तिथे दर वेळी, थंडीत बोटं बधिर झालेली असताना, झाडाला टेकून नाहीतर गुडघ्यावर बसून गोळी घालता आली पाहिजे. ते जमायचं तर खांद्याला बसणारा धक्का सहन झाला पाहिजे, नुसता सहन नाही, त्याची भीतीच वाटली नाही पाहिजे. इथेच ७ एमएम-०८ बाजी मारतं असं माझं ठाम मत आहे.

धक्क्याचं जरा खुलासेवार सांगते कारण यावर लोक खोटं बोलतात, विशेषतः पुरुष मंडळी. रेंजवर एक साधा प्रयोग करा, सोबतच्या माणसाला सांगायचं की मॅगझिन तू भर आणि मधेच कुठेतरी एक डमी काडतूस घाल, मला सांगू नकोस. मग तुम्ही आपले नेम धरून एकेक मारत जा. डमीवर पिन पडते, टक्क असा आवाज येतो, बार होत नाही, आणि तेव्हा नळीचं टोक काय करतं ते बघा. आमच्या ह्यांची .३०-०६ ची नळी चांगली दोन बोटं खाली झुकली होती आणि डोळे मिटलेले, आणि हा माणूस छातीठोकपणे सांगायचा की मला धक्का जाणवतच नाही. तीच परीक्षा माझ्या ७ एमएम-०८ वर घेतली तर त्यांचीही नळी जवळजवळ जागेवर राहिली. तेवढ्याच वजनाच्या रायफलीत .२४३ चा धक्का याच्याहून कमी, .३०८ चा थोडा जास्त, .३०-०६ चा बराच जास्त. मॅग्नमचं, म्हणजे जास्त दारूच्या जोरदार काडतुसांचं, तर नावच काढू नका, ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम हे नाव ऐकायला याच्यासारखं वाटतं पण ते वेगळंच, मोठं केस, १९६२ चं, पेनसिल्वेनियाच्या हरणाला त्याची काही एक गरज नाही.

एका दुकानात मला काउंटरवरच्या माणसाने मी तोंड उघडायच्या आत .२४३ हातात दिली, बायका आणि मुलांसाठी हेच बरं म्हणे. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. .२४३ वाईट नाही, १०० ग्रेनची गोळी बरोबर जागी गेली तर हरीण पडतंच. पण गोळी हलकी आणि बारीक, हरीण जरा तिरकं उभं असेल आणि खांद्याच्या हाडातून आत जायचं असेल तर हातात शिल्लक फार कमी राहते. म्हणजे जो सगळ्यात नवखा आहे त्यालाच सगळ्यात कमी चूक माफ करणारं काडतूस द्यायचं, हा कुठला न्याय? नवख्याला १४० ग्रेनची गोळी द्या आणि धक्का कमी हवा असेल तर हॉर्नडीचा कस्टम लाइट लोड मिळतो १२० ग्रेनचा, त्यावर सराव करू द्या. आणि धक्क्याचं अर्धं दुखणं रायफलच्या मापात असतं, दस्ता लांब असेल तर बुटक्या माणसाला तो खांद्याच्या खळग्यात बसतच नाही, दंडावर बसतो आणि मग कुठलंही काडतूस मारकुटंच वाटतं. काडतूस बदलायच्या आधी दस्ता कापून घ्या.

६.५ क्रीडमूरवाल्यांशी माझं भांडण नाही. धक्का जवळपास तोच किंवा किंचित कमी, लांबवर वाऱ्यात ते सरस आहे, आणि काडतुसं प्रत्येक दुकानात ढिगाने मिळतात. टार्गेटचा नाद असेल तर तेच घ्या. मला जंगलात ७ एमएम ची जरा जाड गोळी बरी वाटते एवढंच. .२७० आहे १९२५ चं आणि आजही फर्स्ट क्लास, पण त्याला लांब अ‍ॅक्शन (काडतूस आत चढवणारी यंत्रणा) लागते, बोल्ट जास्त मागे खेचावा लागतो, रायफल थोडी लांब-जड होते. .३०-३० तर १८९५ चं, आणि शंभर यार्डांच्या आत आजोबा त्याने जे करतात ते बघून कोणी नवीन रायफल घ्यायला निघणारच नाही.

आता गोळीबद्दल, कारण लोक काडतुसाच्या नावावर तासन् तास बोलतात आणि बॉक्स मात्र सेलमधला उचलतात. सुरुवातीला मी रेमिंग्टनची साधी कोअर-लॉक्ट वापरली, १४० ग्रेन, जुनं डिझाइन, १९३९ पासूनचं, शिसं आणि वर तांब्याचं कवच. हरणावर उत्तम काम करते, गोळी आत जाऊन पसरते, बहुतेकदा पलीकडून बाहेर पडते, रक्ताची वाट चांगली मिळते. पळालेल्या हरणाच्या मागे जाताना पानांवरचं रक्त आधी नीट बघा. गुलाबी, फेसाळ, बारीक बुडबुडे असलेलं असेल तर फुफ्फुस, हरीण जवळच असणार. काळपट दाट लाल असेल तर यकृत, तिथे घाई करायची नाही. आणि हिरवट काही चिकटलेलं दिसलं, आंबूस वास आला, तर पोटात लागलीय, मग तासन् तास थांबायचं, नाहीतर ते उठून पुढच्या डोंगरावर जाईल आणि तडफडत मरेल. पुन्हा कोणाला मी हे सांगत बसणार नाही, पण हे ज्याला ऐकवत नाही त्याने शिकारीला येऊच नये.

पण हल्ली मी पूर्ण तांब्याच्या गोळीवर आलेय, बार्न्सची टीटीएसएक्स, १२० ग्रेन. कारण स्वयंपाकघर. शिशाची गोळी आत फुटते तेव्हा तिचे बारीक कण जखमेपासून बऱ्याच लांबपर्यंत मटणात जातात, डोळ्याला दिसत नाहीत, दाताला लागत नाहीत. २००८ साली नॉर्थ डकोटात दान आलेल्या हरणाच्या मटणात शिसं सापडलं म्हणून अन्नछत्रांना ते फेकून द्यायला सांगितलं होतं. घरात लहान मुलं असतील तर हा विषय टाळू नका. शिवाय जंगलात सोडलेली आतडी गरुड खातात आणि त्यांनाही शिसं बाधतं. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंदच आहे. तांब्याची गोळी फुटत नाही, पाकळ्या उघडून एका तुकड्यात राहते, जखमेभोवतीचं मटण फारसं वाया जात नाही. एक लक्षात ठेवा, तांबं शिशापेक्षा हलकं म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि उघडायला वेग लागतो, त्यामुळे तांब्यात १४० च्या मागे न लागता १२० घ्यायची. महाग आहे, हो. पण सीझनभरात हरणावर किती गोळ्या लागतात? सराव स्वस्तातल्या गोळीवर करा आणि शेवटी शिकारीच्या गोळीवर पुन्हा झीरो तपासा, कारण दोन्ही एकाच जागी लागतील असं मुळीच नाही.

मटणाचं विचारणाऱ्यांसाठी एवढंच, चरबी जवळजवळ नसते, बकऱ्यासारखं शिजवायला गेलात तर चिवट होतं. मांडीचे तुकडे दह्यात आलं-लसूण लावून रात्रभर, मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर, तेल नेहमीपेक्षा सढळ. जास्त झालं तर इथे हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट म्हणून उपक्रम आहे, १९९१ पासून, त्यांच्या यादीतल्या खाटकाकडे दिलं की ते अन्नछत्रांना जातं.

७ एमएम-०८ च्या तक्रारी पण सांगते. लहान गावातल्या दुकानात कधीकधी एकही बॉक्स नसतो, .३०८ आणि .३०-३० चे मात्र थप्प्याच्या थप्प्या. निवड कमी, सरावाला .३०८ सारखी स्वस्त मिलिटरी छाप काडतुसं याच्यात मिळत नाहीत. म्हणून ऑगस्टमध्येच घेऊन ठेवा, एकाच लॉटची. दुसरं म्हणजे हे आणि .३०८ दिसायला इतकं सारखं की घरात दोन्ही असतील तर रेंजच्या टेबलावर एका वेळी एकच बॉक्स उघडा, यात हयगय नको, चुकीचं काडतूस चुकीच्या नळीत गेलं तर जिवावर बेतू शकतं.

कायद्याचं थोडक्यात. इथे पहिल्यांदा लायसन्स काढायला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. रायफल सीझनमध्ये डोकं-छाती-पाठ मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी अंगावर हवंच. हरणाला सेमी-ऑटोमॅटिक रायफल (दर बारानंतर पुढचं काडतूस आपोआप चढवणारी) चालत नाही, त्यामुळे बोल्ट अ‍ॅक्शन (हाताने बोल्ट मागेपुढे करायची) बरी. फिलाडेल्फियाच्या आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांनो, माँटगोमेरी, बक्स, चेस्टर या काउंट्यांत हरणाच्या शिकारीचे नियम वेगळे आहेत, रायफल घेऊन वर डोंगरातच जावं लागतं, गेम कमिशनचं (राज्याचं शिकार खातं) त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक वाचूनच निघा. आणि एच-१बी वर असाल तर फार महत्त्वाचं, तुम्हाला बंदूक जवळ बाळगायलाच केंद्रीय कायद्याने मनाई आहे, राज्याचं वैध हंटिंग लायसन्स हातात असेल तर सूट मिळते, पण मित्राची रायफल हातात घ्यायच्या आधीसुद्धा वकिलाला विचारा, ग्रीन कार्डवाल्यांचं तसं नाही. तिकडे भारतात १९७२ च्या कायद्यानंतर हा विषयच संपला आणि ते योग्यच आहे. इथे लांडगे राहिले नाहीत, हरणं ओकची रोपटी वर येऊ देत नाहीत, म्हणून सरकारच दरवर्षी किती मारायची ते ठरवतं.

घरात आधीच .३०८ किंवा .२७० असेल तर मात्र माझं ऐकून नवीन रायफल घेऊ नका. त्याच पैशात चांगल्या गोळीचे बॉक्स घ्या, दस्ता मापाचा करून घ्या आणि सप्टेंबरपासून रेंजवर जा, बेंचवर बसून नाही, गुडघ्यावर बसून.