नोकरी सांभाळून एम.एड.: दीड वर्षानंतर काय हाती लागलं

तिसरीच्या वर्गाला अकरा वर्षं शिकवल्यावर मी पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. वाचन-लेखन अध्यापन, शालेय नेतृत्व आणि बहुभाषिक वर्ग असे त्याचे तीन भाग. दोन वर्षं, चार सत्रं, संध्याकाळचे ऑनलाइन तास आणि प्रत्येक सत्रात आपल्याच शाळेत करायचं प्रात्यक्षिक. त्यातली तीन सत्रं आता पार पडली. प्रवेश घेताना मला जे अनुभव वाचायला मिळाले, ते सगळे पहिल्या महिन्यातल्या उत्साहाचे होते. म्हणून मुद्दाम थांबून, आता सविस्तर लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगते. हे शिक्षण वर्ग हातात असतानाच घ्यावं. रजा काढून निवांत करू, असं माझ्याही मनात होतं. पण मंगळवारी रात्री वाचलेलं बुधवारी सकाळी मुलांसमोर करून बघता आलं नसतं, तर यातलं निम्मंअधिक मी परीक्षेपुरतं पाठ करून सोडून दिलं असतं.

पहिल्याच महिन्यात, गफ आणि टनमर या वाचन-संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र शिकवलं. लिपी उलगडणं आणि भाषा समजणं यांचा गुणाकार म्हणजे वाचून समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. दोन्हीपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच येणार. फळ्यावर लिहिलं तर अगदी साधं वाटतं, पण त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर वर्गातली दोन मुलं आली. एक मुलगी पान घडाघडा वाचते आणि गोष्टीत काय झालं ते सांगता येत नाही म्हणून खाली मान घालते. एक मुलगा प्रत्येक ओळीत तीनदा अडखळतो, पण तीच गोष्ट मी वाचून दाखवली की सगळ्यात आधी त्याचा हात वर. दोघांनाही मी 'कच्च्या' गटात बसवलं होतं आणि दोघांना एकच उपाय देत होते: रोज आणखी एक पान वाच. मुलीला गरज होती शब्दांची, गप्पांची, विषयाच्या ओळखीची. मुलाला गरज होती अक्षरांवर पद्धतशीर मेहनतीची. अकरा वर्षांत अशी किती मुलं मी चुकीच्या गटात बसवली असतील, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

विषयाच्या ओळखीचं महत्त्व रेक्ट आणि लेस्ली यांच्या १९८८ च्या प्रयोगामुळे पटलं. बेसबॉलवरचा उतारा वाचताना, वाचनात मागे असलेली पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पुढे असलेल्या पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. त्यानंतर मी कोणताही धडा सुरू करण्याआधी दहा मिनिटं नुसती त्या विषयावर बोलते. पूर्वी मला ही दहा मिनिटं वाया गेल्यासारखी वाटायची.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं साधन म्हणजे रनिंग रेकॉर्ड. न्यूझीलंडच्या वाचन-संशोधक मेरी क्ले यांची ही पद्धत. मूल मोठ्याने वाचतं, आपण शेजारी बसून बरोबर शब्दाला खूण करायची आणि चुकलेला शब्द जसा उच्चारला तसाच टिपायचा. मध्ये सुधारायचं नाही. हे 'सुधारायचं नाही' मला फार जड गेलं. पण गप्प बसले तेव्हाच ऐकू यायला लागलं. त्या अडखळणाऱ्या मुलाने 'कविता' हा शब्द 'किवता' असा वाचला. चार ओळींनी 'सूर्य' आला, तो त्याने 'सूयर' वाचला. पूर्वी मी म्हटलं असतं, लक्ष नाही. आता कागदावर दोन्ही चुका एकाखाली एक होत्या आणि त्यांतलं साम्य लख्ख दिसत होतं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात पण उच्चार नंतर होतो, आणि रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर असतो पण उच्चार आधी होतो. मुलगा डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने, अगदी इमानदारीने वाचत होता. त्याला लिपीचा तो एक नियम कुणी वेगळा काढून शिकवलाच नव्हता. मीही नाही. पुढचे तीन आठवडे रोज दहा मिनिटं आम्ही फक्त वेलांटी आणि रफाराचे शब्द घेतले. नंतरच्या नोंदीत त्या प्रकारच्या चुका दोनच उरल्या होत्या.

इथे अभ्यासक्रमाच्या बाजूनेही एक बोललं पाहिजे. क्ले यांच्या पद्धतीत मूल अर्थावरून, वाक्यरचनेवरून की अक्षरांवरून शब्द ओळखतं असं चुकांचं वर्गीकरण करतात. त्यावर आज मोठा वाद आहे, कारण नवख्या वाचकाला चित्रावरून, संदर्भावरून अंदाज करायची सवय लागली तर तो अक्षरांकडे बघेनासा होतो. आमच्या प्राध्यापकांनी हा वाद झाकून ठेवला नाही. नोंद घ्या, पण अंदाज करायला शिकवू नका, असं स्पष्ट सांगितलं.

तक्रार आहे ती वेगळी. फोनिक्सचा, म्हणजे अक्षर आणि उच्चार यांची जोडी शिकवण्याचा, अख्खा पेपर इंग्रजीवर बेतलेला होता. एका उच्चाराची दहा स्पेलिंगं, मुके स्वर, अपवाद. देवनागरीत ही अडचण फारशी नाही; इथली अडचण मात्रांच्या जागेची, जोडाक्षरांची आणि अक्षरांच्या प्रचंड संख्येची. कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवरचं सोनाली नाग यांचं २००७ चं संशोधन मला ग्रंथालयात स्वतः शोधावं लागलं. अशा लिपीत सगळी अक्षरं हाती यायला प्राथमिकची बरीच वर्षं जातात, हे त्यातून कळलं आणि तिसरीतल्या मुलाला 'अजून अक्षरं येत नाहीत' म्हणून रागावणं मी बंद केलं. ही गोष्ट पहिल्या सत्रात शिकवायला हवी होती. मी अभिप्रायात तसं लिहिलं. अजून उत्तर नाही.

बहुभाषिक वर्गाचा भाग माझ्या मते या पदवीचा गाभा आहे. माझ्या वर्गात घरी दुसरी भाषा बोलणारी सात मुलं आहेत. त्यातला एक मुलगा मैदानावर मराठीत भांडतो, चिडवतो, हसवतो. पेपरात मात्र कोरं पान. मी त्याला आळशी समजत होते. कॅनडातले भाषा-शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये केलेला भेद इथे समोर आला: बोलीचालीची भाषा मुलं साधारण दोन वर्षांत उचलतात, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासमोर पानं, दगड, बिया असा ढीग ठेवला. 'वर्गीकरण करा' म्हटलं, तर तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. 'वेगवेगळे ढीग कर' म्हटल्यावर दोन मिनिटांत तीन ढीग तयार. 'असे का केलेस?' विचारलं तर कारणंही चोख. त्याला वर्गीकरण येत होतं, वर्गीकरण हा शब्द येत नव्हता. आता प्रश्नपत्रिकेतले सूचनांचे शब्द मी वेगळे शिकवते: तुलना, वर्गीकरण, निष्कर्ष, कारणमीमांसा. याचा फायदा घरी मराठी बोलणाऱ्या मुलांनाही तितकाच झाला, कारण हे शब्द घरात कुणीच बोलत नाही.

दुसरा बदल घरच्या भाषेबद्दलचा. वर्गात मराठीच बोलायचं, हा माझा नियम होता आणि मला त्याचा अभिमान होता. एका भाषेत वाचून दुसऱ्या भाषेत मांडायचं, ही पद्धत वेल्समधल्या केन विल्यम्स यांनी १९९४ मध्ये अभ्यासली होती. तिच्यातूनच पुढे ट्रान्सलँग्वेजिंगची, म्हणजे शिकताना मुलांना आपल्या सगळ्या भाषा वापरू देण्याची, कल्पना फोफावली. मी जोड्या लावल्या, आधी आपल्या भाषेत चर्चा, मग मराठीत तीन वाक्यं. पहिले दोन आठवडे गोंगाट वाढला, शेजारच्या बाई विचारायला आल्या. तिसऱ्या आठवड्यात चार महिने एक शब्दही न बोललेल्या मुलीने जलचक्राचं चित्र काढून नावं तिच्या भाषेत लिहिली, आणि मैत्रिणीला विचारून खाली मराठीतही. 'बाष्पीभवन' तिने न चुकता लिहिलं. तो कागद अजून भिंतीवर आहे.

नेतृत्वाचा भाग सगळ्यात कमजोर. दोन पेपर नुसत्या आराखड्यांचे आणि ध्येयविधानांचे. ते झटपट उरकावेत. त्यात एकच गोष्ट ठसली. रॉबिन्सन, लॉइड आणि रो यांच्या २००८ च्या विश्लेषणात, मुख्याध्यापक शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः सहभागी होतात तेव्हा मुलांच्या शिकण्यावर सर्वाधिक परिणाम दिसला. फाइल तपासण्यापेक्षा शिक्षकांसोबत बसून शिकणं मोठं ठरलं.

तिसऱ्या सत्रातलं सहकाऱ्याला साहाय्य करायचं प्रात्यक्षिक मात्र फार मोलाचं. सहा आठवडे एका शिक्षिकेच्या वर्गात बसायचं होतं. पहिल्या दिवशी मी अकरा सूचनांची यादी तिच्या हातात दिली. पुढच्या आठवड्यात 'सध्या वेळ नाही' असा निरोप आला. आमच्या संभाषणाचं ध्वनिमुद्रण मार्गदर्शकांनी ऐकलं आणि विचारलं, "बाई, वीस मिनिटांत त्या किती बोलल्या?" मी मोजलं. चार मिनिटं. मग मी तिच्याकडे जाऊन माफी मागितली आणि इतकंच विचारलं, "उद्या मी कोणत्या मुलाकडे बघू, तुम्ही सांगा." तिने दोन नावं दिली. पुढचे पाच आठवडे आम्ही त्या दोघांच्याच वाचनाच्या नोंदी घेऊन बसलो. आता ती स्वतःहून तिच्या नोंदी घेऊन येते.

वेळेचं सांगायचं तर आठवड्याला दहा तास धरा, निबंधाच्या आठवड्यात पंधरा. संदर्भ लिहिण्याच्या पद्धतीवर जितके गुण कापले गेले, तितका मुद्द्यांवर अभिप्राय मिळाला नाही; दुसऱ्या सत्रात तर एक निबंध सात आठवड्यांनी परत आला, तोवर त्यातला प्रयोग संपून गेला होता. गटप्रकल्पात वेगवेगळ्या वेळा सांभाळणारी पाच माणसं एकत्र आणणं हेच मुख्य काम होऊन बसलं.

पगारवाढीसाठी किंवा पदोन्नतीसाठी पदवी हवी असेल तर यापेक्षा सोपे मार्ग आहेत, ते घ्यावेत. पण दरवर्षी वर्गात दोन-चार मुलं मागे का राहतात, हे ज्यांना खरंच टोचतं, त्यांनी नाव जरूर घालावं. त्याआधी संस्थेला दोन प्रश्न लेखी विचारा: प्रात्यक्षिकाच्या वेळी मार्गदर्शक तुमचं शिकवणं प्रत्यक्ष किंवा चित्रफितीत बघतात का, आणि वाचनाचा पेपर तुम्ही ज्या लिपीत शिकवता तिच्याबद्दल काही सांगतो का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, तर वेलांटी आणि रफाराच्या नोंदींचा माझा तक्ता आहे, तो मागा; शेवटच्या सत्राचा प्रकल्प मी त्यावरच घेतला आहे आणि इतर शिक्षकांच्या वर्गांतल्या चुका मला हव्याच आहेत.